नवी ध्वनिमुद्रिका, १९६१ सालची

२०२३ साली जॉन कोल्ट्रेनची एक ‘नवी’ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. कोल्ट्रेन १९६७ सालीच निवर्तला. ऑगस्ट १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज गेटमध्ये एरिक डॉल्फीसह झालेल्या त्याच्या मैफलींचे हे मुद्रण. एका तंत्रज्ञाने नवी ध्वनियंत्रणा तपासण्यासाठी एकच मायक्रोफोन लावून ते केले होते आणि पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संग्रहात ते दडून राहिले. तबकडी निघाली आणि जगभरच्या जॅझरसिकांनी तिचे स्वागत एखादा ग्रंथराज सापडावा तसे केले. मीही केले. एल्विन जोन्सचे ड्रम्स अंगावर येतात, मॅकॉय टायनरचा पियानो मात्र कान देऊनच शोधावा लागतो. तरीही ‘आफ्रिका’ संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.

या आनंदात एक विसंगती आहे आणि ती मला काही केल्या सोडत नाही. त्याच १९६१ च्या नोव्हेंबरात ‘डाउनबीट’ या अमेरिकेतल्या मान्यवर जॅझ नियतकालिकात जॉन टायनन या समीक्षकाने याच दोघांच्या वादनाला ‘जॅझविरोधी’ ठरवले होते. हा शब्द इतका गाजला की पुढल्या वर्षी त्याच नियतकालिकाने दोघांना बोलावून ‘समीक्षकांना उत्तर द्या’ असे सांगितले. डॉल्फी तिथे पक्ष्यांच्या आवाजाबद्दल बोलला. कोल्ट्रेन नेहमीप्रमाणे संकोचून, जवळजवळ क्षमायाचनेच्या सुरात बोलला. डॉल्फी जून १९६४ मध्ये बर्लिनमध्ये गेला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. आज त्याच्या बास क्लॅरिनेटवर माना डोलावणाऱ्या आपल्यापैकी कितीजण १९६१ साली सभागृहात बसून राहिले असते?

हा प्रश्न केवळ टाळ्या-शिट्ट्यांचा नाही. आस्वाद ही गोष्ट कलाकृतीच्या किती मागून चालते आणि ते अंतर कोणाच्या पदरी टाकायचे, असा तो आहे. साहित्याच्या वर्गात मर्ढेकर शिकवताना आपण तो सहज सोडवून टाकतो. तेव्हाच्या वाचकांना कळले नाही, आम्हांला कळते! जॅझच्या बाबतीत हे इतके सोपे नाही, कारण इथे न कळणाऱ्यांमध्ये फिलिप लार्किन आहे.

लार्किन १९६१ च्याच सुमारास लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’साठी जॅझच्या ध्वनिमुद्रिकांची परीक्षणे लिहू लागला. दहा वर्षे त्याने ती लिहिली. १९७० साली त्यांचे पुस्तक निघाले, ‘ऑल व्हॉट जॅझ’. त्याची प्रस्तावना इंग्रजी साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे, पटण्यासाठी नव्हे, अस्वस्थ होण्यासाठी. लार्किनचे तारुण्य आर्मस्ट्राँग, सिडनी बेशे, पी वी रसेल यांच्या तबकड्यांवर पोसले होते. मध्ये बरीच वर्षे नवे फारसे कानावर पडले नाही, आणि परीक्षणे लिहायला बसल्यावर चार्ली पार्करनंतरचे जे आले ते त्याला असह्य झाले. सुरुवातीला त्याने ते सौजन्याखाली झाकले. प्रस्तावनेत मात्र त्याने पार्करला एझरा पाउंड आणि पिकासोच्या रांगेत बसवून साऱ्या आधुनिकतेवरच आरोपपत्र ठेवले. ही कला एकतर बुचकळ्यात टाकते नाहीतर धक्का देते, आणि दोन्ही प्रकारे श्रोत्याचे सुख हिरावून घेते, असा त्याचा मथितार्थ. कोल्ट्रेनविषयी तर त्याची लेखणी निर्दय होती.

लार्किन चुकला, असे माझे मत आहे. परंतु तो खोटे बोलला नाही. न आवडणारी गोष्ट आवडते असे भासवण्याचा व्यवसाय त्याने शेवटी बंद केला, हे मोठेच. त्याची खरी चूक दुसरीकडे आहे. त्याला जॅझमधून जे मिळाले ते विसाव्या वर्षी मिळाले, आणि त्या वयाचे सुख हेच संगीताचे लक्षण आहे असे त्याने धरून चालले. आपली पहिली प्रीती आणि कलेची व्याख्या यांत गल्लत करण्याची ही खोड फक्त त्याची नाही. कुमार गंधर्वांचे गाणे ऐकून ‘हे घराण्यात बसत नाही’ म्हणणारे आपल्याकडेही होतेच.

तरीसुद्धा श्रोत्याला सरसकट अज्ञानी ठरवणे मला मान्य नाही. जून १९६५ मध्ये कोल्ट्रेनने अकरा वादकांना घेऊन ‘असेन्शन’ मुद्रित केले. सुमारे चाळीस मिनिटांचा तो ध्वनिकल्लोळ मी आजवर दोनदाच पूर्ण ऐकू शकलो आहे, आणि दुसऱ्या वेळी कर्तव्य म्हणून. त्या वर्षाच्या अखेरीस टायनर कोल्ट्रेनला सोडून गेला, पाठोपाठ जानेवारी १९६६ मध्ये एल्विन जोन्सही. रशीद अली हा दुसरा ड्रमवादक आल्यावर त्या गदारोळात आपला पियानो आपल्यालाच ऐकू येत नाही, अशी टायनरची तक्रार होती. ‘अ लव्ह सुप्रीम’ ज्यांच्या हातांनी घडले त्यांनाच पुढची वाट चालवली नाही. मग तिकीट काढून आलेल्या माणसाने मध्येच उठून जाणे हा अपराध कसा मानायचा? उठून जाण्याचा अधिकार श्रोत्याला आहेच. आपण उठून गेलो म्हणून मैफल संपली, असे जाहीर करण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.

इथे एक गोष्ट आपल्या कानांविषयी. कोल्ट्रेनची वीस-वीस मिनिटे एकाच स्वरसंगतीवर चालणारी आवर्तने अनेक अमेरिकन समीक्षकांना कंटाळवाणी वाटली. विलंबित ख्याल तासभर ऐकण्याची सवय असलेल्याला त्यात मुळीच वावगे वाटत नाही. योगायोग नव्हे हा. कोल्ट्रेन रविशंकरांचे वादन लक्षपूर्वक ऐकत होता, नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याने ‘इंडिया’ ही रचना वाजवली आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव रवी ठेवले. अर्थात म्हणून आपण जॅझचे जन्मजात मर्मज्ञ ठरत नाही. मुंबईत जॅझ जगवले ते गोव्याहून आलेल्या वादकांनी, आणि त्यांच्यापैकी अनेकांची उपजीविका चित्रपटांच्या स्टुडिओंवर चालली. १९७८ साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, सॉनी रॉलिन्ससारखा वादक इथे येऊन वाजवून गेला. त्या रात्रींच्या आठवणी सांगणारे आजही भेटतात. त्यानंतर काय ऐकले, असे विचारले की संभाषण आटते.

आजच्या वादकांविषयीची ठरलेली तक्रार अशी की हे लोक हुशार आहेत, शिकलेले आहेत, पण यांच्यात जीव नाही. विजय अय्यर हे या तक्रारीचे हक्काचे लक्ष्य. तमिळ आईवडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेला, गणित-भौतिकी शिकून पियानोकडे वळलेला, २०१४ पासून हार्वर्डमध्ये प्राध्यापक. एवढे वाचले की ऐकण्याआधीच निकाल लागतो: ‘गणिती संगीत’. लिंडा मे हान ओ आणि टायशॉन सोरी यांच्यासह केलेली त्याची २०२१ ची ‘अनईझी’ ऐकावी. तिच्यात कोल पोर्टरचे जुनेपुराणे ‘नाइट अँड डे’ आहे, आणि विषारी पाण्याने ग्रासलेल्या फ्लिंट शहराच्या मुलांना उद्देशून एक रचनाही. तालाचे हिशेब अवघड आहेत खरे. पण तिहाई मोजून दाद देणाऱ्या समाजाने हिशेबाला नाक मुरडावे, हे काही मला समजत नाही. प्रशिक्षित वादकांची एक साचेबंद पिढी संगीत महाविद्यालयांतून बाहेर पडते आहे, ही तक्रार मात्र मला अर्धीअधिक खरी वाटते. तिचे उत्तर जिवंत वादकांतूनच निवड करून द्यावे लागेल. त्यासाठी आधी ते ऐकावे लागतील. आपला वेळ आणि पैसा जर सापडलेल्या पेट्यांतच खर्च होणार असेल, तर आजच्या डॉल्फीच्या वाट्याला काय उरते?

माइल्स डेव्हिसने हा पेच आयुष्यभर ओळखला होता. १९५९ चे ‘काइंड ऑफ ब्लू’ आज उपाहारगृहांतही वाजते. त्याने मात्र मागे वळून जुने वाजवायला दशकानुदशके नकार दिला. अखेर जुलै १९९१ मध्ये माँट्रू येथे तो क्विन्सी जोन्सच्या आग्रहाला बळी पडला आणि गिल इव्हान्सच्या जुन्या रचना वाजवल्या. श्रोते कृतार्थ झाले. सप्टेंबरात माइल्स गेला. त्या मैफलीत थकलेल्या माइल्सच्या शेजारी वॉलेस रोनी हा तरुण ट्रंपेटवादक होता. अवघड जागा तो सांभाळत होता. पुढे २०२० साली करोनाने त्याचा बळी घेतला, तोवर जवळजवळ प्रत्येक परीक्षणात त्याला एकच दूषण ऐकावे लागले: तू फारच माइल्ससारखा वाजवतोस.