हकालपट्टी म्हणजे उत्तरदायित्व नव्हे

12, 19 आणि 26 ऑक्टोबर 2025. लागोपाठ तीन रविवारी अमेरिकेतल्या तीन बड्या विद्यापीठांनी आपापल्या फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकांना घरचा रस्ता दाखवला: पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना, फ्लोरिडाने बिली नेपियर यांना आणि लुइझियाना स्टेटने (एलएसयू) ब्रायन केली यांना. मोसम अजून निम्म्यावर होता. या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे सरळ आहे. प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर मिळतात ते जिंकण्यासाठी, जिंकता येत नसेल तर त्याने जावे. याला ते उत्तरदायित्व म्हणतात.

मला हे मान्य नाही. निकालाची किंमत चुकणाऱ्याने मोजावी, एवढाच उत्तरदायित्वाचा अर्थ असतो. इथे ती किंमत कोण मोजतो ते पाहा. टेक्सस ए अँड एमने 2017च्या अखेरीस जिंबो फिशर यांना दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलरची हमी दिली. 2021मध्ये, जुन्या कराराची सहा वर्षे शिल्लक असताना, मुदत 2031पर्यंत वाढवली आणि पगारही वाढवला. नोव्हेंबर 2023मध्ये त्यांना काढले तेव्हा विद्यापीठाच्या डोक्यावर सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलरचे देणे होते. त्यांनी दुसरी नोकरी धरली तरी त्यातला एक डॉलरही कापता येणार नव्हता, कारण तसे कलमच करारात नव्हते. 2025-26मध्ये एक विद्यापीठ आपल्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला जास्तीत जास्त सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर थेट देऊ शकत होते. म्हणजे खेळाडूंच्या साडेतीन वर्षांहून अधिक कमाल वाट्याएवढी रक्कम एका माणसाला न शिकवण्यासाठी मिळाली. ही शिक्षा असेल, तर ती नक्की कोणाला झाली?

फिशर यांना आणणारे क्रीडासंचालक स्कॉट वुडवर्ड पुढे एलएसयूत गेले. ती मुदतवाढ त्यांच्या पश्चात झाली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण एलएसयूत त्यांनीच 2021मध्ये केली यांना दहा वर्षांचा, साडेनऊ कोटींचा करार दिला. केली गेले तेव्हा देणे सुमारे 5 कोटी 40 लाखांचे निघाले. राज्याच्या गव्हर्नरांनी जाहीर तोफ डागल्यावर काही दिवसांत वुडवर्ड यांनाही पद सोडावे लागले. पण करार करून झाला होता.

यावर दुसरे समर्थन येते ते बाजाराचे. आम्ही एवढे दिले नसते तर दुसऱ्याने पळवले असते, असे क्रीडासंचालक सांगतात. पण हा बाजार मोजक्या एजंटांच्या हातात आहे. फिशर, फ्रँकलिन आणि ओल मिस विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक लेन किफिन या तिघांचाही एजंट एकच, जिमी सेक्स्टन. कुठेतरी एखादी जागा रिकामी होते, अमुक प्रशिक्षक तिकडे जाणार अशी कुजबुज सुरू होते आणि घाबरलेले विद्यापीठ मुदतवाढीवर सही करते. नोव्हेंबर 2021मध्ये एलएसयू आणि यूएससीच्या जागा रिकाम्या असतानाच पेन स्टेटने फ्रँकलिन यांना दहा वर्षांचा करार दिला. भीतीपोटी ठरलेल्या किमतीला बाजारभाव कसे म्हणायचे?

तिसरा युक्तिवाद सर्वांत भक्कम आहे, तो म्हणजे इंडियानाचा. पराभवांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाने 2023मध्ये प्रशिक्षक बदलला, कर्ट सिग्नेटी आले आणि 2025च्या मोसमात संघ सोळाच्या सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. बदल फळतो, याहून मोठा पुरावा कोणता? पण सिग्नेटी एकटे आले नव्हते. जेम्स मॅडिसन विद्यापीठातले त्यांचे आक्रमणाचे आणि बचावाचे दोन्ही समन्वयक, माइक शानहान आणि ब्रायंट हेन्स, त्यांच्याबरोबर आले. तिथले डझनभर खेळाडूही आले. एकमेकांची भाषा येणारा, जुळलेला जथा इंडियानाने उचलून आणला. जिंकले ते सातत्यच, फक्त ते दुसऱ्या गावात घडलेले होते.

आणि इंडियाना हा अपवाद आहे. ॲडलर, बेरी आणि डोहर्टी या राज्यशास्त्रज्ञांनी 1997 ते 2010 या काळातले प्रशिक्षकबदल तपासले होते. अगदी तळाच्या संघांना बदलाने फारसा फरक पडला नाही. मधल्या फळीतले संघ तर बदलानंतर तशाच, पण न बदलणाऱ्या संघांपेक्षा वाईट खेळले.

हे आकड्यांत वाचायचे नसेल तर नेब्रास्काकडे पाहावे. टॉम ऑस्बॉर्न 1973मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिले राष्ट्रीय विजेतेपद त्यांना 1994मध्ये, बाविसाव्या मोसमात मिळाले. आजच्या मंडळींनी त्यांना तोवर पाच वेळा काढले असते. त्यांच्यानंतर त्यांचेच सहायक फ्रँक सोलिच आले. 2003मध्ये नऊ सामने जिंकून तीन हरलेल्या सोलिच यांना काढले गेले, कार्यक्रम सामान्यपणाकडे घसरू नये म्हणून! पुढच्याच मोसमात नेब्रास्काने जिंकले त्याहून जास्त सामने गमावले. चाळीस वर्षांहून अधिक काळात असे झाले नव्हते. नंतर बो पेलिनी यांनी सात मोसमांत दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले, तेही पुरले नाही. 2022मध्ये स्कॉट फ्रॉस्ट यांना 11 सप्टेंबरला काढले. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर देण्याची रक्कम निम्म्यावर, दीड कोटीवरून 75 लाखांवर आली असती. तेवढाही धीर नव्हता. दरम्यान सोलिच ओहायो विद्यापीठात सोळा मोसम राहिले आणि ते विद्यापीठ ज्या परिषदेत खेळते तिच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक ठरले.

मग हरणाऱ्या संघाने काय करावे? व्हर्जिनिया टेकने केले ते. 1992मध्ये फ्रँक बीमर यांचा सहावा मोसम दोन विजय, आठ पराभव आणि एक बरोबरी असा संपला. विद्यापीठाने त्यांना ठेवले, पण सहायकांच्या फळीत बदल करायला लावले. पुढच्या वर्षी नऊ विजय आले, आणि तिथून 2015मध्ये ते निवृत्त होईपर्यंत सलग 23 मोसम संघ मोसमाअखेरच्या मानाच्या बोल सामन्याला गेला. 1999च्या मोसमात तर तो राष्ट्रीय अंतिम सामना खेळला. कोणता प्रशिक्षक कुठे कमी पडतो, बचावाचा डाव जुना झाला की आक्रमक फळी तयार करणारा हात कमकुवत आहे, हे तपासायला वेळ आणि फुटबॉलची समज लागते. मुख्य प्रशिक्षकाला काढायला एक फोन पुरतो.

त्या एका फोनने दहा-अकरा सहायक, व्यायाम-प्रशिक्षक, विश्लेषक असे सगळेच टांगणीला लागतात. त्यांच्याकडे कोट्यवधींच्या हमी नसतात, त्यांना घर विकून, मुलांची शाळा बदलून दुसरे राज्य गाठावे लागते. ज्या प्रशिक्षकाच्या शब्दावर अठरा वर्षांचा मुलगा त्या विद्यापीठात आला, तोच निघून गेल्यावर त्या मुलाने विद्यापीठ बदलण्यासाठी ट्रान्सफर पोर्टलची वाट धरली तर त्याला बेइमान ठरवण्याचा हक्क कोणालाच नाही.

माझी मागणी कठोर आहे, पण अशक्य नाही. काढलेल्या प्रशिक्षकाने दुसरी नोकरी शोधलीच पाहिजे आणि तिथला पगार देण्यातून वजा झालाच पाहिजे, हे कलम प्रत्येक करारात हवे. ते किती परिणामकारक असते हे फ्रँकलिन यांच्याच बाबतीत दिसले: व्हर्जिनिया टेकने त्यांना घेतल्यावर पेन स्टेटचे सुमारे 4 कोटी 90 लाखांचे देणे 90 लाखांच्या आसपास आले. करार संपायला दोन वर्षे उरेपर्यंत मुदतवाढ देऊ नये. आणि मोसमाचा शेवटचा सामना होईपर्यंत ना कोणाला काढावे, ना दुसऱ्याचा प्रशिक्षक फोडावा. नोव्हेंबर 2025च्या अखेरीस ओल मिसचा संघ अकरा सामने जिंकून प्लेऑफच्या उंबरठ्यावर उभा असताना किफिन एलएसयूला निघून गेले. विद्यापीठाने बाहेर शोधाशोध न करता बचावाचे समन्वयक पीट गोल्डिंग यांच्याकडे संघ सोपवला. ओळखीच्या माणसाच्या हाताखाली खेळणाऱ्या त्या मुलांनी शुगर बोलमध्ये जॉर्जियाला हरवले आणि उपांत्य सामन्यात मायामीकडून ते अवघ्या चार गुणांनी हरले.