कामाची वेळ ठरवायची कोणी?

रोजगार हमीची मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळते. 1977 साली महाराष्ट्राने कायदा केला, तेव्हापासूनची ही रीत. म्हणूनच परभणीच्या उन्हाळ्यात बायांना पहाटेच कामाला लागून ऊन चढण्याआधी घरी परतणं सोयीचं. पण 1 जानेवारी 2023 पासून केंद्राच्या योजनेतल्या सार्वजनिक कामांवर मोबाईलवरून दिवसातून दोनदा फोटोची हजेरी सक्तीची झाली. माप पुरं झालं, तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबणं आलं. मग पाणी, स्वयंपाक, लेकरं कोणी बघायची? मैत्रिणींनो, मला वाटतं, मजुरी मापावर असेल तर हजेरी घड्याळावर का? कामाचं वेळापत्रक ग्रामसभेत, आपल्याला विचारूनच ठरलं पाहिजे. हा आग्रह आपणच धरायला हवा.