विश्लेषण : मोहाची वैध भट्टी उभी राहीलही, पण यंत्रे कोणाकडून घ्यायची?

मार्च सरता सरता देवरी तालुक्यातील चिचगड परिसरात पहाटेच टोपल्या घेऊन माणसे जंगलाकडे निघतात. रात्री गळलेली मोहफुले उन्हे चढण्यापूर्वी वेचायची, अंगणात वाळवायची आणि व्यापाऱ्याला किलोच्या भावाने विकायची, हा इथला वर्षानुवर्षांचा क्रम. याच फुलांचा सडवा कोणाच्या घरामागे सापडला, तर तो ओतून दिला जातो आणि गुन्हा दाखल होतो. फूल वैध आणि त्याचे पेय अवैध, अशी ही स्थिती. ती बदलण्याच्या दिशेने राज्याने कागदावर काही पावले टाकली आहेत. मात्र परवान्याची चर्चा होते तेवढी यंत्रांची होत नाही. छोटा मद्यप्रकल्प तरतो की बुडतो, हे बऱ्याचदा यंत्रपुरवठादार निवडतानाच ठरते.

धोरण काय सांगते?

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवरही दीर्घकाळ बंधने होती. ती २०२१ मध्ये शिथिल झाली. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले यांसारख्या फळाफुलांपासून बनणाऱ्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ असा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. नाव विचित्र वाटले तरी हेतू साधा होता. स्वस्त दारूच्या रांगेतून काढून या पेयांना दर्जाची आणि चांगल्या दराची बाजारपेठ मिळवून देणे. वनहक्क कायदा, २००६ने गौण वनोपजावरचा हक्क आधीच मान्य केला आहे. २०२० मध्ये केंद्राने सुक्या मोहफुलांचा किमान आधारभूत दर किलोला १७ वरून ३० रुपयांवर नेला. तरीही खरी मूल्यवृद्धी फूल विकण्यात नाही, त्यावर प्रक्रिया करण्यात आहे.

इतरत्र काय घडले?

मध्य प्रदेशने २०२२ मध्ये ‘हेरिटेज मद्य’ धोरण आणले आणि आदिवासी स्वयंसहायता गटांना मोहमद्य बनवण्याची मुभा दिली. अलीराजपूर जिल्ह्यातून ‘मोंड’ हे नाममुद्रा असलेले मद्य बाजारात आले. त्याआधी २०१८ मध्ये गोव्याच्या बाजारात एका खासगी कंपनीने मोहापासून बनवलेले मद्य उतरवले होते. महाराष्ट्रात छोट्या प्रमाणावर पेय तयार करण्याचा अनुभव आहे तो मुख्यतः बिअरचा. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि पुढे पुणे-मुंबईत अशा डझनावारी जागा उभ्या राहिल्या. चिचगडमध्ये बिअरची मायक्रोब्रुअरी चालणार नाही. तिला जागेवर येऊन पिणारा शहरी ग्राहक लागतो. पण आंबवण्याच्या टाक्या, थंड ठेवण्याची यंत्रणा, स्वच्छता आणि नळजोडणी या बाबतीत बिअर आणि मोह यांचे दुखणे सारखेच आहे. बिअरमध्ये आंबवण्यावर काम संपते. मोहात त्यानंतर ऊर्ध्वपातन असते, एवढाच फरक.

पुरवठादाराला पहिला प्रश्न कोणता विचारावा?

क्षमतेचा. समजा २०० किलो सुकी मोहफुले घेतली. त्यांच्या वजनात निम्मी साखर धरली तर ती १०० किलो होते. या साखरेतून रसायनशास्त्राच्या नियमाने जास्तीत जास्त ६५ लिटरच्या आसपास शुद्ध मद्यार्क मिळू शकतो. प्रत्यक्षात त्याहून कमीच. तेव्हा ‘आमच्या यंत्रात ८० लिटर निघेल’ म्हणणारा विक्रेता दिसला, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा.

दुसरी फसगत टाक्यांच्या संख्येत होते. सडवा आंबायला साधारण चार ते सात दिवस लागतात. ऊर्ध्वपातन मात्र एका दिवसात उरकते. म्हणजे एका लहान भट्टीला चार-पाच टाक्या लागतात. विक्रेते सहसा चकचकीत तांब्याची मोठी भट्टी आधी दाखवतात, कारण नफा आणि फोटो दोन्ही तिच्यातच असतात. मग मोठी भट्टी आठवड्यातून एकदा पेटते आणि बाकीचे दिवस कर्जाचे व्याज मोजत उभी राहते. बिअरमध्ये हे गणित आणखी ताणते. उकळण्याचे काम एका दिवसाचे, टाकीतला मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा.

विदर्भाच्या उन्हाचा यंत्राशी काय संबंध?

थेट संबंध आहे. साखर आंबताना उष्णता सोडते. वरच्या उदाहरणातली १०० किलो साखर हजार लिटर सडव्यात असेल आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर सडव्याचे तापमान सुमारे १३ अंशांनी वाढेल. ३० अंशांवर सुरू केलेला सडवा ४३ वर गेला की यीस्ट मरगळते, साखर शिल्लक राहते आणि आंबूस जिवाणूंचे फावते. म्हणून टाकीला बाहेरून थंड पाण्याचे आवरण आणि त्याला जोडलेला चिलर हवा. पण चिलरची छापील क्षमता अनेकदा ३५ अंशांच्या हवेत मोजलेली असते. मे महिन्यात पूर्व विदर्भाचा पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा तोच चिलर दमतो. ‘४५ अंशांना किती थंड करेल, ते लिहून द्या’ ही अट करारात हवीच. शक्य असेल तर सुकी फुले कोरडी साठवून आंबवण्याचे काम हिवाळ्यात करणे, हा त्याहून स्वस्त उपाय. तेव्हा छोटा चिलरही पुरतो. हे आपणहून सांगणारा पुरवठादार विश्वासाचा समजावा.

पोलाद, जोड आणि ‘पहिली धार’

स्टेनलेस स्टील म्हटले की काम झाले, असे नसते. खाद्यपेयांसाठी किमान ३०४ दर्जा लागतो. २०० मालिकेतील स्वस्त पत्रा दिसायला तसाच असतो, पण त्यात निकेल कमी असते आणि आंबट द्रवात तो लवकर गंजतो. चुंबक लावून हा फरक भरवशाने कळत नाही. त्यासाठी पत्र्याचे गिरणी प्रमाणपत्र मागावे आणि टाकीचा एखादा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. टाकीच्या आत हात घालून वेल्डिंगची रेघ चाचपावी. खरखरीत सांधा म्हणजे जिवाणूंचे कायमचे बिऱ्हाड. टाकी रिकामी होताना आत पोकळी निर्माण होऊन ती चेपू नये यासाठी हवा आत घेणारी झडप, आणि दाब वाढल्यास सुटणारी झडप, या दोन्ही आहेत का, हेही पाहावे.

भट्टीचा प्रश्न जिवाचा आहे. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचे कौतुक होते, ती धारच आधी बाजूला काढावी लागते. असिटाल्डिहाइडसारखी हलकी, त्रासदायक द्रव्ये तिच्यात एकवटलेली असतात. मिथेनॉलचे तसे नाही. ते पुढच्या धारेतही उतरते, म्हणून प्रत्येक घाणीची प्रयोगशाळेत तपासणी हवी. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्यानंतर ‘नजरेने कळते’ या बोलण्याला अर्थ उरत नाही. धारा वेगळ्या काढण्याची सोय, तापमापक आणि नमुना घेण्याची तोटी नसलेली भट्टी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

परदेशी, पुण्याची की नागपूरची?

युरोप-अमेरिकेतील यंत्रे देखणी असतात. पण अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० हर्ट्झची. मोटार, पंप, सुटे भाग सगळ्याचीच अडचण. चीनमधून स्वस्तात येते, पण वेल्डिंग नीट नसेल तर टाकी परत पाठवणार कशी? पुण्यात मद्यार्क आणि ब्रुअरी प्रकल्प उभारणाऱ्या कंपन्यांची जुनी परंपरा आहे, मात्र मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात चिचगडची हजार लिटरची टाकी ही किरकोळ नोंद असते. नागपूरच्या बुटीबोरी, हिंगणा औद्योगिक वसाहतींत स्टेनलेस स्टीलचे काम करणारे कारागीर सापडतात. त्यांना टाकी जमते, ऊर्ध्वपातनाचा आराखडा जमेलच असे नाही.

यातून मधला मार्ग निघतो. आराखडा आणि भट्टी जाणकाराकडून घ्यावी, टाक्या आणि नळजोडणी नागपूरकडे द्यावी आणि दोघांची जबाबदारी एकाच करारात बांधावी. गोंदिया जिल्ह्याची एक जमेची बाजूही आहे. उसना तांदूळ करणाऱ्या राइस मिलमुळे वाफेचे बॉयलर चालवणारी, पंप खोलणारी माणसे इथे घरचीच आहेत. रात्री गॅस्केट फुटले तर पुण्याच्या अभियंत्याची वाट पाहण्यापेक्षा देवरीच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येईल असे यंत्र केव्हाही बरे.

आगाऊ रक्कम किती द्यावी?

कॅनडातील डीएमई ही ब्रुअरीची यंत्रे बनवणारी नामांकित कंपनी नोव्हेंबर २०१८ मध्ये अचानक अवसायनात गेली. जगभरातील छोट्या ब्रुअरींनी टाक्यांसाठी आगाऊ भरलेले पैसे अडकले. नाव मोठे म्हणून पैसा सुरक्षित, हा समज तिथे मोडला. धडा सरळ आहे. रक्कम टप्प्यांत द्यावी. पत्रा खरेदी झाल्याचा पुरावा, कारखान्यात पाणी भरून दाबाची चाचणी आणि जागेवर यशस्वी चाचणी, असे हे टप्पे. काही रक्कम यंत्र महिनाभर नीट चालेपर्यंत हातात राखावी. मोठ्या आगाऊ रकमेसाठी बँक हमी मागावी. शिवाय पुरवठादाराने दाखवलेले नवे कोरे प्रकल्प पाहण्यापेक्षा त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी उभारलेला प्रकल्प पाहावा आणि मालकाशी नव्हे, तर तिथे टाकी धुणाऱ्या कामगाराशी बोलावे.

शासनाने काय करायला हवे?

सर्वात मोठा धोका ‘सर्वात कमी दराच्या निविदे’चा आहे. अनुदानातून आलेली यंत्रे दुरुस्तीअभावी धूळ खात पडल्याचे दृश्य ग्रामीण भागाला नवे नाही. मोहाच्या बाबतीत तसे झाले तर पैसा जाईलच, शिवाय गट पुन्हा घरामागच्या भट्टीकडे वळेल आणि पुन्हा गुन्हे दाखल होतील. म्हणून दरासोबत देखभाल करार, सुट्या भागांची हमी आणि चाचणीचे निकष निविदेतच हवेत. पुण्याजवळच्या वसंतदादा साखर संस्थेत मद्यार्क तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. आराखड्याची त्रयस्थ तपासणी आणि गटांचे प्रशिक्षण अशा संस्थेकडे सोपवता येईल.

यावरचा आक्षेप गंभीर आहे. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती महिलांच्या, कार्यकर्त्यांच्या लढ्यातून आली. चिचगडला दारूचा कारखाना कशाला, हा प्रश्न तिथून येणार आणि यायलाच हवा. त्याचे उत्तर ग्रामसभेनेच द्यावे. ती नको म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली, तर मात्र तिच्या हाती गंजणारी टाकी आणि पळून गेलेला पुरवठादार देणे ही फसवणूक ठरेल. परवान्याचा कागद मुंबईतून येईल. तो खरा ठरणार की नाही, हे टाकीचा सांधा आणि करारातली शेवटची अट ठरवेल.