शेतकऱ्याचें मूल आणि पीएच्. डी. ची पदवी

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्या सभासद बांधवांकडून एकाच आशयाचीं पत्रें वारंवार आलीं. मूल कृषि महाविद्यालयांतून एम्. एस्सी. होऊन घरीं आलें आहे. आतां तें पीएच्. डी. करूं म्हणतें, त्यास रुकार द्यावा कीं नाहीं? एका वृद्ध सभासदानें तर स्पष्टच विचारलें: "थोरल्याचीं चार वर्षें पदवींत व दोन वर्षें त्यापुढील शिक्षणांत गेलीं. आतां आणखी तीन मागतो. विहिरीखालचें अडीच एकर गहाण टाकावें लागेल. होय म्हणूं कीं नाहीं म्हणूं?" हा प्रश्न एका घरापुरता नसल्यामुळें त्यावरील आमचें मत येथें उघडपणें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

उच्च विद्येविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं, हें प्रथमच सांगून टाकतों. मोहोळच्या प्रक्षेत्रावर निवडपद्धतीनें तयार झालेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी कित्येक दशकें आमच्या रब्बीचा आधार होऊन राहिली आहे. वेंगुर्ल्याच्या केंद्रांत नीलम व हापूस यांच्या संकरांतून 'रत्ना' आंबा निघाला. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्राचे पंडित. परंतु पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गांवाची त्यांनीं बारकाईनें पाहणी केली, कोणाची जमीन किती तुकड्यांत विभागली आहे व कोणाच्या डोक्यावर कर्ज किती आहे याचा झाडा घेतला, आणि १९१७ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. अशी विद्वत्ता शेतकऱ्याच्या कामाची नाहीं, असें कोण म्हणेल?

परंतु संशोधन हें पदवीवांचून होतच नाहीं, हा समजही तितकाच खोटा आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड ह्या खेड्याचे दादाजी खोब्रागडे यांचें शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढें गेलें नव्हतें. १९८३ सालीं आपल्या धानाच्या बांधींत त्यांना कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचें बीं त्यांनीं वेगळें राखलें, हंगामामागून हंगाम पेरून पारखलें, आणि त्यांतून जें वाण सिद्ध झालें तें 'एच्. एम्. टी.' ह्या नांवानें दूरवर पसरलें. २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांचें वाण राहिलें आहे. ज्याच्यापाशीं अशी नजर आहे त्याला विद्यापीठाचें शिक्षण अधिक समर्थ करील. परंतु ज्याच्यापाशीं ती नाहीं त्याला पदवी ती देऊं शकणार नाहीं.

आतां ह्या पदवीचें काम कसें चालतें तें पालकांनीं नीट समजून घ्यावें. नियमाप्रमाणें किमान तीन वर्षें लागतात हें खरें. पण पिकाला विद्यापीठाचा नियम कळत नाहीं. खरीप वर्षांतून एकदांच येतो. एका हंगामाच्या आंकड्यांवर कोणी विसंबत नाहीं, म्हणून शेतांतला प्रयोग बहुधा निदान दोन हंगाम करावा लागतो. त्यांत एका वर्षीं गारपीट झाली अथवा पावसानें ओढ दिली, कीं विद्यार्थ्याचें अख्खें वर्ष मागें पडतें. फळझाडांवरील प्रयोगास तर याहूनही अधिक धीर लागतो. तेव्हां तिहींचीं चार किंवा पांच वर्षें होतील असें धरूनच घरचा हिशेब मांडावा.

इतकीं वर्षें कशासाठीं द्यावयाचीं? ज्यास विद्यापीठांत अध्यापन करावयाचें आहे अथवा संशोधनांत जन्म घालवावयाचा आहे, त्याला ही पदवी उपयोगीच नव्हे तर बहुतेक ठिकाणीं आवश्यक आहे. मात्र विद्यापीठांतून जागा रिकाम्या राहतात आणि भरती वर्षानुवर्षें लांबते, हेंही त्यानें डोळ्याआड करूं नये. राज्याच्या कृषि सेवेची परीक्षा देण्यास साधी पदवी पुरते. खतें-बियाण्यांचें दुकान काढण्यास अथवा घरची शेती सुधारण्यास डॉक्टर व्हावें लागत नाहीं. असें असतां, नोकरी लागत नाहीं तोंवर वसतिगृहांत खोली तरी राहील, किंवा लग्नपत्रिकेंत नांवाआधीं 'डॉ.' हीं अक्षरें शोभतील, एवढ्याचसाठीं जे प्रवेश घेतात, ते स्वतःचीं उमेदीचीं वर्षें तर घालवितातच, शिवाय खऱ्या जिज्ञासूची जागाही अडवितात. हें लिहितांना आम्हांस वाईट वाटतें; पण लिहिणें भाग आहे.

म्हणून आमची सूचना अशी. मुलास अथवा मुलीस एके दिवशीं बांधावर घेऊन जावें आणि विचारावें, "तुला नक्की काय शोधावयाचें आहे?" हरभऱ्याची मर कां येते, आपल्या चोपण रानांत पाणी कां मुरत नाहीं, कांदा चाळींत कां सडतो, असा एखादा प्रश्न त्याच्या मनांत खरोखर घर करून बसला असेल, तर तें साध्या मराठींत पांच वाक्यांत सांगूं शकेल. सांगतां आलें नाहीं तर घाई करूं नये. एक-दोन वर्षें एखाद्या कृषि विज्ञान केंद्रांत किंवा घरच्याच रानांत काम करूं द्यावें. प्रश्न तेथें सांपडतो.

दुसरें, मार्गदर्शक पाहून घ्यावा. बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों; मग पांच वर्षें ज्याच्या हाताखालीं काढावयाचीं त्या गुरूची चौकशी कां करूं नये? त्याच्या पूर्वीच्या विद्यार्थ्यांस भेटावें. प्रबंध किती वर्षांत पुरा झाला, मार्गदर्शक प्रयोगाच्या शेतावर येत असत काय, आणि ते विद्यार्थी आज कोठें आहेत, हें विचारावें.

तिसरें, पैशाचें. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची शिष्यवृत्ति परीक्षेनें मिळते. बार्टी, सारथी, महाज्योती ह्या संस्थाही आपापल्या नियमांप्रमाणें संशोधकांस अधिछात्रवृत्ति देतात. ती रक्कम कधीं कधीं उशिरां हातीं येते, तेवढी तजवीज असावी. परंतु अधिछात्रवृत्ति नसतां जमीन गहाण टाकून ही पदवी घेऊं नये, असें आमचें निक्षून सांगणें आहे. पदवी आणखी दोन वर्षांनींही घेतां येईल. गेलेली विहीर परत येत नाहीं.

आणखी एक. प्रश्नही आहे, शिष्यवृत्तिही आहे, पण मुलगी आहे, तिचें लग्नाचें वय निघून जाईल, म्हणून तिला अडवून ठेवणाऱ्या पालकांस आम्ही विनंति करतों कीं त्यांनीं तसें करूं नये. निंदणी, खुरपणी, बीं राखणें हीं कामें ज्यांच्या हातांनीं होत आलीं, त्यांच्या लेकींची नजर पिकावर अधिक बारीक पडेल, अशीच आमची अपेक्षा आहे.

आमच्या वृद्ध सभासदांस उत्तर एवढेंच कीं, अडीच एकरांस हात लावूं नये. पण मुलासही आज नकार देऊं नये. त्यास बांधावर न्यावें, विचारावें, आणि तो सांगेल तें स्वस्थपणें ऐकून घ्यावें. त्याचें उत्तर ऐकून आपल्यालाच आपल्या रानाविषयीं कांहीं नवें कळलें, तर त्यास परीक्षेस बसवावें व शिष्यवृत्ति मिळतांच आशीर्वाद देऊन पाठवावें.