कुत्र्याला उपग्रह, कातकऱ्याला पत्ता नाही!

अलिबाग-मुरूड रस्त्यालगतच्या एका बंगल्यावर मध्यंतरी जमिनीचे कागद तपासण्यासाठी आम्हांला जावे लागले. मालक मुंबईचे, बोलायला मोकळे. कामाचे बोलणे आटोपल्यावर त्यांनी कौतुकाने आपला शिकारी जातीचा कुत्रा दाखविला. कुत्र्याच्या गळ्यात जाड पट्टा, पट्ट्यावर काडेपेटीएवढी डबी आणि तिच्यातून वर आलेली लवचिक तार. मालकांच्या हातात पडदा असलेले एक यंत्र. कुत्रा सोडला, तो आमराईतून डोंगराकडे पळत दिसेनासा झाला आणि इकडे पडद्यावर एक ठिपका सरकू लागला. "आता तो अडीचशे मीटरवर आहे. थांबलाय. बघा, परत निघाला!" मालक सांगत होते आणि तसेच घडत होते.

नंतर एका कागदावर साक्षीदार हवा होता. फाटकावरच्या राखणदाराला बोलावले. जातीने कातकरी, वय तिशीचे. सही तो बरी करतो. नाव लिहून झाले आणि आम्ही पत्ता विचारला. तो गप्प. मग म्हणाला, "वाडी लिवा ना, वकीलसाहेब." कोणती वाडी? "ती पलीकडची. शेटच्या जागेतली." आम्ही हातातले सातबारे पुन्हा चाळले. शेजारच्या त्या सर्व्हे नंबरात मालकाचे नाव होते, क्षेत्र होते, आकार होता, आंब्याची झाडेही नोंदलेली होती. 'इतर हक्क' हा रकाना मात्र कोरा होता. आमच्या डोळ्यांसमोर दिसणारी चाळीसेक झोपड्यांची वस्ती सरकारी कागदावर कुठेच नव्हती!

कुत्रा कुठे आहे हे मीटरमध्ये सांगता येते. माणूस कुठे राहतो हे सरकारला सांगता येत नाही. त्या दिवशी परतताना हाच विचार आमच्या डोक्यात होता.

हा पट्टा काय चीज आहे ते आधी समजून घेऊ. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत पट्ट्यातली डबी पकडते, त्यावरून स्वतःची जागा काढते आणि रेडिओलहरींनी ती मालकाच्या हातातल्या यंत्राला कळविते. मोकळ्या जागी हे काही मैलांपर्यंत चालते, दर काही सेकंदांनी जागा बदललेली दिसते. अमेरिकेच्या लष्कराने उभारलेली ही उपग्रहव्यवस्था सामान्य लोकांना मुद्दाम ढोबळ करून दिली जात असे. २ मे २००० रोजी अमेरिकेने तो अडथळा काढला आणि नागरी वापरातली अचूकता एकदम वाढली. त्यानंतर काही वर्षांतच असे पट्टे तिकडच्या शिकाऱ्यांच्या बाजारात आले. पूर्वी शिकारी कुत्र्याच्या गळ्यात घंटा बांधत. आता कुत्रा धावतो आहे, बसला आहे की झाडावर चढलेल्या जनावराखाली उभा राहून भुंकतो आहे, एवढेसुद्धा यंत्र सांगते. शिकारी गाडीत बसून राहतो आणि कुत्र्याने जनावर अडविले की मगच उतरतो. काही पट्ट्यांतून त्याच यंत्राने कुत्र्याला विजेचा झटकाही देता येतो. वेल्सने असे झटक्याचे पट्टे २०१० साली बंद केले.

आपल्या देशात या पट्ट्याने शिकार करता येईल का? सरळ उत्तर आहे: नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या अतिशय रुंद आहे. मारणे तर आलेच. पण पकडणे, पाठलाग करणे, फासे लावणे, हाकणे आणि यांपैकी कशाचा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीचे परवानेही संपले. बंगल्याच्या मालकांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, "शिकारीसाठी नाही हो, कुत्रा हरवू नये म्हणून." त्यांच्यावर अविश्वास दाखविण्याचे आम्हांला कारण नाही.

तरीही वकील म्हणून एक गोष्ट नोंदविली पाहिजे. उपग्रहाच्या पट्ट्याने कोणी शिकार केलीच, तर कुत्रा कुठून कुठे धावला याचा सगळा माग यंत्रात उरतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली तो पुरावा म्हणून न्यायालयात मांडता येईल. मात्र बंगल्याच्या फाटकातून आत जाऊन ते यंत्र ताब्यात कोण घेणार? कातकऱ्याचे तसे नाही. त्याच्याकडे एक गावठी कुत्रा, एक काठी, फार तर जाळे. रानडुकराचे मटण भांड्यात सापडले की पंचनामा तयार. एकाच कायद्याचे हात एका घरापर्यंत लगेच पोहोचतात आणि दुसऱ्या घरापाशी आखडतात. ही विषमता कलमांत लिहिलेली नसते, पण ती न्यायालयाच्या व्हरांड्यात रोज दिसते.

येथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. शिकारीचा हक्क मागण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आदिवासींना वनहक्क देणाऱ्या २००६ च्या कायद्यानेही पारंपरिक हक्कांतून शिकार स्पष्ट शब्दांत वगळली आहे आणि पंचशील मानणाऱ्या आम्हांला त्याबद्दल तक्रार नाही. पण इतिहास सांगितलाच पाहिजे. मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याआधी ते रान जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारक्षेत्र होते. नवाबाची शिकार ही शान होती. त्याच डोंगरात पोट भरण्यासाठी ससा मारणारा मात्र आधी नवाबाचा चोर झाला आणि पुढे सरकारचा. कातकऱ्यांचे नावच मुळी खैराच्या काताच्या धंद्यावरून पडले. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी खैर तोडणे बंद केले, तेव्हा धंदा गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, वीटभट्ट्या आल्या आणि पावसाळ्यात घेतलेली उचल आली. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, उचल आजही घेतली जाते. ती एकदा घेतली की माणूस भट्टीवरून हलू शकत नाही. तोही एक पट्टाच आहे, त्याला उपग्रह लागत नाही.

कुत्रा आणि माणूस यांची तुलना आम्ही उगाच करीत नाही. ती आमच्या माथी इतरांनीच मारलेली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्ती गावाबाहेर असावी आणि कुत्री व गाढवे हीच त्यांची संपत्ती असावी, असे ठरविलेले आहे. गावाबाहेरची वस्ती आणि सोबतीला कुत्रा! आजच्या कातकरवाडीचे वर्णन याहून वेगळे आहे काय? तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी जिथे जाळला गेला ते महाड याच रायगड जिल्ह्यात आहे. ज्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना, गुराढोरांना पाणी पिण्याची मुभा होती, तिथे अस्पृश्य माणसाला ती नव्हती. १९३१ साली गांधीजींना भेटले तेव्हाही बाबासाहेबांनी हेच दुखणे त्यांच्यापुढे ठेवले: जनावरांपेक्षा हीन वागविणारी भूमी आम्ही आपली कशी म्हणावी? शंभर वर्षे होत आली. तळे खुले झाले. कुत्रा मात्र अजून माणसाच्या पुढेच आहे.

आता वाडीचा प्रश्न. रायगड-ठाण्यातल्या कितीतरी कातकरवाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या आहेत. कधी काळी खोताने, सावकाराने आपल्या शेतावर राबायला माणसे हवीत म्हणून त्यांना बसविले. कागद केला नाही. जमिनीला भाव नव्हता तोवर कोणी उठविले नाही. किनाऱ्याला बंगले आले, जमिनी हातोहात विकल्या गेल्या आणि कुंपणे पडू लागली. आमचा महारवाडा गावाबाहेर होता, पण गावाच्या कागदात होता. कातकरवाडी कागदाच्याही बाहेर आहे.

सरकार काहीच करीत नाही असे नाही. कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक आहेत. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्या पक्क्या घरांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राची जनमन योजना आली. पण घरकुल बांधायला पायाखालची जागा कुणाची, हा प्रश्न पहिल्याच कागदावर उभा राहतो. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोन आणि उपग्रहाच्या साहाय्याने गावठाणातल्या घरांची मोजणी सुरू झाली. चांगली गोष्ट आहे. पण मोजणी गावठाणाची! जी वाडी कागदावर गावठाणच नाही, तिच्यावरून ड्रोन शंभर वेळा उडाला तरी मिळकतपत्रिका कशाच्या आधारे निघणार? यंत्र आंधळे नसते. त्याला काय पाहायचे ते सांगणारा माणूस आधी आंधळा झालेला असतो.

याच यंत्राला दुसरीकडे किती स्वच्छ दिसते ते पाहा. नागपूर आणि आमच्या शेजारच्या नवी मुंबईच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर उपग्रहाने माग काढणारी घड्याळे बांधली. कामगार ठरलेल्या हद्दीत आहे की नाही, किती वेळ कुठे थांबला, याची नोंद साहेबांच्या पडद्यावर. हजेरी आणि पगार या नोंदीला जोडलेला. अशाच घड्याळांविरुद्ध चंडीगडच्या सफाई कामगारांनी २०२० साली आंदोलन केले. झाडू मारणारे हे हात कोणत्या समाजाचे आहेत, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमुखाने सांगितले. पण २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या कलम ७ ने नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट मालकाला करून ठेवली आहे. गटारात उतरताना कामगाराला मुखवटा मिळाला की नाही, हे ते घड्याळ नोंदवीत नाही. तो चहाला किती वेळ थांबला, हे नोंदविते.

म्हणजे उपग्रह तोच. जिथे माग काढण्यात मालकाचा फायदा आहे तिथे कुत्र्याचे पाऊलही मोजले जाते, कामगाराची मिनिटेही मोजली जातात. जिथे नोंद झाली की गरिबाला हक्क मिळतो, तिथे वाडीच्या वाडी दिसेनाशी होते. म्हणून अशा प्रत्येक यंत्रासमोर चळवळीने एकच प्रश्न विचारला पाहिजे: हे कुणाची नोंद करते, आणि ती नोंद कुणाच्या हातात राहते?

उपाय आहेत आणि ते कायद्यातच आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. वाड्यांना गावठाण म्हणून मान्यता मागता येते. १९४८ च्या कूळकायद्याची १६ आणि १७ ही कलमे दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या कुळाला आणि शेतमजुराला घरजागेचे संरक्षण देतात. वाडी वनजमिनीवर असेल तर वनहक्क कायदा आहे, आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही उठविता येत नाही. त्या कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत तर साफ लिहिले आहे की, उपग्रहाची छायाचित्रे इतर पुराव्याला पूरक म्हणून घ्यावीत, त्याच्या जागी नव्हे. वाडीतल्या म्हाताऱ्याचा जबाब उपग्रहाने खोडता येत नाही. हे वाक्य कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे.

आणि आता थोडे आमच्याविषयी. कातकरी आमच्या जातीचा नाही. बौद्धवाडीच्या विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत, ग्रामपंचायतीच्या बैठकीत आम्ही त्याला कसे वागविले, हे ज्याचे त्याने मनाला विचारावे. आमच्यातल्या शिकलेल्यांनी वकिली केली, नोकऱ्या मिळविल्या, आमच्या वस्त्यांना नावे मिळाली. शेजारच्या वाडीचा कागद कोणी केला? जातिअंताची भाषा बोलणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

महाड नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठराव १९२४ चा होता. कागदावरचे ते पाणी प्रत्यक्षात घ्यायला २० मार्च १९२७ रोजी हजारोंना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. पुढे दावा झाला तो उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघाला. चालणे आणि कागद, दोन्ही लागले. आज प्रत्येक तरुणाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्या कुत्र्याच्या पट्ट्यातले यंत्र आहे. तालुक्यातल्या दहा पोरांनी एका रविवारी एका वाडीची हद्द चालावी, प्रत्येक झोपडीची जागा मोबाइलवर नोंदवावी, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत, वाडीच्या माणसांकडून अर्जावर सह्या घ्याव्यात आणि तहसीलदाराकडून पोच घ्यावी. त्या नोंदींची पहिली प्रत वाडीतच राहिली पाहिजे. कायद्याचे काम आम्ही आणि आमचे वकील मित्र विनामूल्य करू.

त्या राखणदाराच्या सहीपुढची पत्त्याची जागा आम्ही त्या दिवशी कोरी सोडली. ती भरायची आहे. जय भीम!