दाताचे कोंदण

किडलेला दात भरून घेण्यासाठी दंतवैद्याकडे गेलेला मनुष्य बहुधा एकच प्रश्न विचारतो : दातात काय भरणार? चांदी, सिमेंट, की दाताच्याच रंगाचा नवा पदार्थ? मग किंमत, रंग आणि नाव यांवर चर्चा होते. ज्या खळग्यात ही भरणी बसवायची तो कसा कोरला जाणार, तो किती कोरडा राखला जाणार, पदार्थ किती थरांत भरला जाणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वस्तुतः भरणी दीर्घकाळ टिकणार की थोड्याच वर्षांत निखळणार, याचा निर्णय फार मोठ्या प्रमाणात या न विचारलेल्या प्रश्नांवर अवलंबून असतो. सारे श्रेय पदार्थाला देण्याची समजूत रुग्णाच्या हिताची नाही. आणि जगभर दात भरण्याचे पदार्थच बदलत असताना ती अधिकच अपायकारक ठरणार आहे.

बैठक नीट नसेल तर उत्तम वस्तूही टिकत नाही, हे तत्त्व जयपूरच्या कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरात मीनाकारी आणि कुंदन जडाव यांचे काम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. मीनाकारीत सोन्यावर प्रथम नक्षीचे उथळ खळगे खोदतात. खळग्याचा तळ गुळगुळीत ठेवीत नाहीत. त्यावर बारीक रेघा मारतात, म्हणजे रंगीत काचेची पूड भट्टीत वितळली की ती त्या रेघांना धरून राहते. पूड भरण्यापूर्वी खळगा स्वच्छ करावा लागतो, कारण मळाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला तर मिना नीट धरत नाही. कुंदनकामात रत्नाच्या घरात लाख भरतात, त्यावर रत्न बसवितात आणि त्याच्या कडेने शुद्ध सोन्याच्या अतिशय पातळ पट्ट्या पोलादी हत्याराने दाबीत जातात. येथे डाख नाही की आच नाही. शुद्ध व स्वच्छ सोन्याचे थर केवळ दाबाने एकजीव होतात. रत्नाच्या अशा बैठकीलाच मराठीत कोंदण म्हणतात.

सोन्याच्या याच गुणाचा उपयोग दंतवैद्यांनीही करून घेतला. अमेरिकेतील रॉबर्ट आर्थर यांनी १८५५ मध्ये असे दाखविले की, सोन्याचा वर्ख तापवून त्याच्या पृष्ठभागावरील वायू घालविले, तर दातातील खळग्यात दाबताना त्याचे थर एकमेकांस पक्के जुळतात. अशा सुवर्णभरणीचा पुढे बराच काळ मोठा लौकिक होता. परंतु ती यशस्वी होण्यासाठी सोने शुद्ध असणे पुरेसे नव्हते. खळग्यात लाळेचा थेंब शिरला तर थर जुळत नसत. न्यूयॉर्कचे सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून तो लाळेपासून अलग ठेवण्याची युक्ती काढली, ती या कोरडेपणासाठीच होय. दीड शतकानंतरही त्या पडद्याला तोडीस तोड पर्याय सापडलेला नाही.

जडावकाम आणि दंतकाम यांत एक मूलभूत भेद मात्र आहे. कारागिराच्या हातून सोने अधिक खोदले गेले तर ते वितळवून पुन्हा घडविता येते. दाताचे तसे नाही. दाताचे बाह्य कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, त्याचा वजनाने सुमारे शेकडा शहाण्णव भाग खनिजाचा असतो. ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. म्हणून कापले गेलेले एनॅमल शरीर पुन्हा निर्माण करू शकत नाही. कवचाच्या आत डेंटिन नावाचा तुलनेने मऊ भाग आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला गाभा असतो. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्या आम्लाने खनिज विरघळते आणि कीड आत शिरते. दंतवैद्याला कीड काढायची असते आणि दात राखायचा असतो. खळगा कोरण्याच्या शास्त्राचा सगळा इतिहास या दोन गरजांतील ताणाचा इतिहास आहे.

या शास्त्राला शिस्त लावण्याचे श्रेय अमेरिकेतील ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) यांना दिले जाते. त्यांनी चांदी, कथील व पारा यांच्या मिश्रणाचे घटक प्रयोगाने निश्चित केले आणि १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात खळग्याच्या आकाराचे नियम मांडले. लोक ज्याला दातात भरलेली ‘चांदी’ म्हणतात ते हे मिश्रण, शास्त्रीय भाषेत पारदमेल, दाताला चिकटत नाही. म्हणून खळगा तोंडाशी किंचित अरुंद आणि तळाशी रुंद ठेवावा लागतो. तरच भरणी अडकून राहते. हे मिश्रण कठीण पण ठिसूळ असल्यामुळे त्याला निदान दीड ते दोन मिलिमीटर जाडी लागते आणि त्याच्या कडा काटकोनाच्या जवळपास असाव्या लागतात. कड पातळ राहिली तर ती चावताना तुटते व त्या फटीतून नवी कीड शिरते. तसेच एनॅमलची खालून आधार नसलेली धार ठेवली तर भरणी शाबूत राहूनही दाताचाच काठ ढासळतो.

भरण्याच्या रीतीचेही तसेच आहे. पारदमेल थोडे थोडे घालून दाबले नाही तर आत पोकळ्या राहतात. ज्या मिश्रणात जस्त असते त्यात भरताना लाळ मिसळली, तर पाणी व जस्त यांच्या क्रियेने हायड्रोजन वायू सुटतो आणि काही दिवसांनी भरणी फुगते. अशा वेळी रुग्ण ‘चांदी खराब होती’ असे म्हणतो. प्रत्यक्षात चांदी निर्दोष असून कोरडेपणा राखलेला नसतो.

ब्लॅक यांच्या नियमांत एक नियम असाही होता की, कीड नसली तरी शेजारच्या खाचा खळग्यात सामावून घ्याव्यात, म्हणजे तेथे पुढे कीड लागणार नाही. त्या काळी तो विवेकाचाच होता. कारण फ्लोराइडयुक्त दंतमंजने नव्हती आणि चिकटणारे पदार्थही नव्हते. परंतु कारण नाहीसे झाल्यावर नियम तसाच चालविणे हे शास्त्र नव्हे, ती रूढी होय. १९५५ मध्ये रॉचेस्टर येथील मायकेल बुओनोकोरे यांनी दाखविले की, एनॅमलवर काही सेकंद फॉस्फरिक आम्ल लावले असता त्याचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत होतो आणि रेझिन त्यात घट्ट रुतते. धातूवर रंग बसावा म्हणून उद्योगधंद्यांत हे आम्ल वापरीत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. मीनाकार जी रेघ सळईने मारतो, तीच येथे आम्ल मारते. पुढे रॉफेल बोवेन यांच्या संशोधनातून १९६०च्या सुमारास दाताच्या रंगाचे, काचकण मिसळलेले रेझिन उपलब्ध झाले. आज काँपोझिट या नावाने तेच ओळखले जाते.

पदार्थ चिकटू लागल्यावर भरणी अडकविण्यासाठी निरोगी दात कापण्याचे कारण उरले नाही. हा मोठाच लाभ होय. पण काँपोझिटचे स्वतःचे दोष आहेत. निळ्या प्रकाशाने घट्ट होताना त्याचे आकारमान साधारणपणे शेकडा दोन-तीन भागांनी आक्रसते. पेटीसारख्या खोल खळग्यात ते अनेक भिंतींना एकाच वेळी धरून आक्रसू लागले की, एखादी भिंत सुटते आणि केसाइतकी फट पडते. ती डोळ्याला दिसत नाही, जंतूंना पुरेशी असते. म्हणून हा पदार्थ साधारणतः दोन मिलिमीटरांच्या थरांत भरून प्रत्येक थर वेगळा घट्ट करावा लागतो. काही नव्या प्रकारांतच त्याहून जाड थर चालतो. लाळेचा स्पर्श त्याला सोसत नाही, आणि डेंटिन फार कोरडे केले तर तेथील तंतूंचे जाळे कोसळून रेझिन आत शिरत नाही. पारदमेल थोडीफार हयगय सहन करीत असे. काँपोझिट ती सहन करीत नाही.

स्थानिक परिस्थितीही येथे दुर्लक्षून चालत नाही. राजस्थानात, जयपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागांतही, अनेक ठिकाणच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण फार आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी बालपणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांनाही हा अनुभव आहे. अशा दाताचा अगदी वरचा थर आम्लाला दाद देत नाही आणि त्याखालचा थर सच्छिद्र असतो. नेहमीइतका वेळ आम्ल लावून अशा दातावर भरणी पक्की बसेलच असे नाही. आम्ल अधिक वेळ लावणे किंवा वरचा थर हलकेच घासून घेणे असे उपाय सुचविले जातात. परदेशी पुस्तकात दिलेले सेकंद जयपूरजवळच्या खेड्यातील मुलाच्या दाताला तंतोतंत लागू पडतील, असे मानता येत नाही. तंत्र हे दातावरून ठरावे, डबीवरच्या सूचनेवरून नव्हे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, हा काटेकोरपणा श्रीमंत शहरांसाठी ठीक आहे. जेथे वीज बेभरवशाची आणि रुग्णांची रांग लांब, तेथे त्याचा काय उपयोग? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचे उत्तरही तंत्रानेच दिलेले आहे. लंडनमध्ये ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी विकसित करून १९७२ मध्ये जाहीर केलेले ग्लास आयनोमर सिमेंट दाताच्या खनिजाशी रासायनिक रीत्या चिकटते आणि थोडे थोडे फ्लोराइड सोडीत राहते. १९८०च्या दशकाच्या मध्यास टांझानियात एक पद्धत विकसित झाली : विजेचे यंत्र न वापरता केवळ हातातील हत्यारांनी मऊ कीड खरवडायची आणि हे सिमेंट बोटाने दाबून भरायचे. २०१६ मध्ये किडीच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आणखी पुढचे पाऊल टाकले. खोल किडीत गाभा उघडा पडण्याची भीती असेल तेथे तळाशी थोडी मऊ कीड राहू द्यावी, पण खळग्याच्या कडा मात्र पूर्ण निरोगी व स्वच्छ कराव्यात, अशी शिफारस त्याने केली. कड घट्ट मिटली तर आतील जंतूंचे पोषण तुटते, हे त्यामागील तत्त्व होय. म्हणजे साधने साधी असली तरी चालते. कड, स्वच्छता आणि दाब यांची शिस्त सोडून चालत नाही.

हा विचार आजच निकडीचा होण्याचे कारण उघड आहे. पाऱ्याच्या प्रदूषणाला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ पासून अमलात आला. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून, काही अपवाद सोडून, दातांत पारदमेल भरणे बंद केले. पर्यावरणाच्या दृष्टीने हे इष्टच आहे. परंतु हयगय सोसणारा पदार्थ जाऊन ती न सोसणारा पदार्थ आला, आणि दंतवैद्याला मिळणारा वेळ मात्र वाढला नाही, तर नुकसान गरीब रुग्णाचे होईल. त्याची भरणी लवकर निखळेल, ती पुन्हा भरताना खळगा दर वेळी थोडा मोठा होईल, आणि शेवटी भरण्याजोगा दातच उरणार नाही.

म्हणून सार्वजनिक दवाखान्यांनी केवळ नव्या पदार्थाची खरेदी करून थांबणे योग्य होणार नाही. रबराचा पडदा, लाळ ओढून घेणारे साधन, प्रकाशदिव्याची वेळोवेळी तपासणी आणि प्रत्येक रुग्णासाठी पुरेसा वेळ यांचीही तरतूद त्याच अंदाजपत्रकात व्हावयास हवी. एका दिवसात किती दात भरले याबरोबरच त्यांतील किती भरण्या काही वर्षांनी शाबूत राहिल्या, याचीही नोंद ठेवली पाहिजे. दंत महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रथम प्लास्टरच्या ठोकळ्यावर आणि नमुन्याच्या दातांवर खळगे कोरून हात बसवितात. पदवीनंतरच्या धकाधकीत तो हात घाईने बिघडू न देणे, ही संस्थांची जबाबदारी आहे.

रुग्णाचेही काही कर्तव्य आहे. ‘काय भरणार?’ या प्रश्नाबरोबर त्याने ‘दात कोरडा कसा ठेवणार?’ आणि ‘किती कमी कापून चालेल?’ हे दोन प्रश्न विचारावेत. दहा मिनिटे अधिक लागली तर त्यास दंतवैद्याचा संथपणा समजू नये. रत्न कितीही मोलाचे असले तरी ते कोंदणावर टिकते. आणि दाताच्या बाबतीत कोंदणच रत्नाहून मोलाचे आहे, कारण ते एकदाच मिळते.