फुकटचे पुस्तक, महागडे प्रेम

कुमारवयीन वाचकांसाठी आज प्रेमकथांचा बाजार मांडला गेला आहे. प्रेम कधी रक्तपिपासू पिशाच्चाशी, कधी परग्रहवासीयाशी. आणि सोडतीत नाव निघाले तर पुस्तक फुकट! या कथांत दोन जगांमधली भिंत सहज कोसळते. नागपूरच्या मुलामुलींपुढची जातीची भिंत मात्र त्यांत औषधालाही सापडत नाही. मराठी कुमारसाहित्यही निर्दोष नव्हे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चोर पकडतो, प्रेमात पडत नाही. त्या वयाच्या प्रेमावर पडणारा जातीचा घाव दाखवला तो पडद्याने, २०१६ साली, ‘सैराट’मध्ये. आंतरजातीय विवाह हाच जातिनाशाचा खरा उपाय, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच लिहून ठेवले. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने मुभा दिली, पण सोबत तीस दिवसांची जाहीर नोटीसही. खवळलेल्या नातलगांना माग काढायला तेवढी पुरते. सोळा वर्षांच्या मुलीला हे सांगणारी कादंबरी पुरोगामी म्हणवणारे प्रकाशक तरी काढतील काय? वाचक नाहीत, ही सबब नागपुरात चालणार नाही. १९५६च्या धर्मांतराच्या स्मरणार्थ दीक्षाभूमीवर दरवर्षी लोटणारी कष्टकरी माणसे पदरच्या पैशाने पुस्तके विकत नेतात, कोणी सोडत काढलेली नसताना.